चेंबूरमध्ये म्हणे सगळ्यांनीच क्वांटम जंप घेतली!

ऐकलंत का? आमच्या चेंबूरमध्ये हल्ली कुणाची साधी बढती होत नाही. कुणाचं दुकान वाढत नाही, कुणाच्या पोराचे गणितातले मार्क सुधारत नाहीत, कुणाची गुडघेदुखी कमी होत नाही. सगळ्यांनी क्वांटम जंप घेतलेली असते! स्टेशनबाहेर क्लासची पत्रकं वाटतात, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘दहावीनंतर तुमच्या पाल्याची क्वांटम जंप’. पाल्य बिचारा आईच्या मागे उभा राहून वडापाव खातोय आणि उडी त्याच्या नावावर आधीच जमा झालीय.

लिहिताना तर लोकांना धरबंधच राहिलेला नाही. बोलताना अजून थोडी लाज वाटते. तोंडाने ‘क्वांटम’ म्हणायला गेलं की जीभ अडखळते, आणि समोरचा ‘काय म्हणालात?’ विचारेल ही धास्ती असतेच. कागदावर मात्र कोण विचारतंय? एका सोसायटीच्या वार्षिक अहवालात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगने क्वांटम जंप घेतली. गच्चीने! गळती थांबली की नाही ते अहवालात नाही, पण उडी आहे. लग्नाच्या बायोडेटात मुलाच्या करिअरने घेतली आहे. खाली पगाराचा रकाना रिकामा. एका ब्यूटी पार्लरच्या पाटीवर ‘युवर स्किन्स क्वांटम लीप’ असं आहे. त्वचा उडी मारून नक्की कुठे जाते, हे विचारायला आत जायची माझी छाती झाली नाही.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे एका व्हॉट्सॲप ग्रुपवरची श्रद्धांजली. वयाच्या नव्वदीत शांतपणे गेलेल्या एका आजींबद्दल कुणा उत्साही माणसाने लिहिलं, ‘आजींनी आज अनंताकडे क्वांटम लीप घेतला.’ खाली हात जोडलेल्या बाहुल्यांची रांग लागली. एकानेही हरकत घेतली नाही! ज्या आजी रस्ता ओलांडतानासुद्धा तीनदा डावी-उजवीकडे बघायच्या, त्यांना जाता जाता उडी मारायला लावली.

(ही उडी मुलगा आहे की मुलगी, यावरही चेंबूरमध्ये एकमत नाही. जंप ‘घेतली’ जाते, लीप ‘घेतला’ जातो. ज्यांना खात्री नसते ते नुसतं ‘क्वांटम!!’ लिहून दोन उद्गारचिन्हं टाकतात.)

आता हे दुसऱ्या कुठल्या उपनगरात झालं असतं तर मी पदर तोंडाला लावून हसले असते आणि विसरले असते. बोरिवलीने लिहावं, मुलुंडने लिहावं, त्यांचं चालून जाईल. पण चेंबूरने? अहो, ज्या गावाच्या परसात भाभा अणुसंशोधन केंद्र (म्हणजे बीएआरसी) आहे, त्याने? ट्रॉम्बेला १९५६ साली ४ ऑगस्टला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली, आशियातली पहिली म्हणून गाजली. शेजारी अख्खं अणुशक्तीनगर वसलं. मानखुर्दच्या वाटेवर होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, शीवच्या बाजूला चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन. म्हणजे पूर्वेला विज्ञान, पश्चिमेला विज्ञान, आणि मधोमध आम्ही गच्चीला क्वांटम जंप मारायला लावतोय. डायमंड गार्डनमध्ये सकाळी फिरायला येणाऱ्या दर दहा आजोबांत एखादा तरी बीएआरसीतून निवृत्त झालेला निघतो. त्यांच्या देखत हे चाललंय! त्यातल्या एकांना मी तो अहवाल दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, “गच्चीने जर खरंच क्वांटम जंप घेतली असेल ना, तर ती कुणाला दिसणार नाही. तेव्हा तुमचा सेक्रेटरी खरं बोलतोय.”

मग त्यांनी मला बाकावर बसवून हिशेबच दिला. नील्स बोर नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने १९१३ साली हायड्रोजनच्या अणूचं चित्र मांडलं. अणूत इलेक्ट्रॉनला राहायला ठराविक पायऱ्या. पहिली, दुसरी, तिसरी. दोन पायऱ्यांच्या मधे थांबायची सोय नाही. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर आला की मधल्या फरकाएवढी ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. तिसरीवरून दुसरीवर आला की तांबडा प्रकाश, ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीचा. हीच ती क्वांटम जंप. आता या तांबड्या उडीची लांबी किती? बोरच्या त्या जुन्या चित्राप्रमाणे मोजली तर पाव नॅनोमीटरच्या किंचित वर. म्हणजे एका मिलिमीटरचे सुमारे ३८ लाख तुकडे करा आणि त्यातला एक उचला. आणि ताकद? अशा उड्यांच्या जोरावर तुमच्या घरातली विजेचं एक युनिट भरायचं म्हटलं, तर एकावर पंचवीस शून्यं इतक्या उड्या लागतील. टाटा पॉवरचं ट्रॉम्बेचं वीज केंद्र कोपऱ्यावर आहे म्हणून आपण या भानगडीत पडत नाही, इतकंच.

म्हणजे बायोडेटातल्या त्या मुलाच्या करिअरने काय केलं, ते कळलं ना? आणि मुलीकडचे लोक भारावून गेलेत!

आजोबांचा हिशेब ऐकून मी लगेच हा बॉम्ब ग्रुपवर टाकला. वाटलं होतं, चार जण शरमतील. कसलं काय! एक कॉलेजकुमार उलट माझ्यावरच घसरला. म्हणे, “काकू, जंपचा अर्थ मोठी असा नाहीच. अर्थ आहे, मधल्या पायऱ्या न चढता एकदम पोचणं.” मुद्दा बिनतोड होता, हे मला (मनातल्या मनात) मान्य करावं लागलं. इंग्रजीत हा शब्दप्रयोग लाक्षणिक अर्थाने गेल्या शतकाच्या मध्यापासून रुळलाय, आणि शब्दकोशांनीही त्याला मोठ्या, अचानक बदलाचा अर्थ देऊन टाकलाय. पण त्या पोराला मी एवढंच विचारलं, “मग ‘हळूहळू क्वांटम जंप घेत आहोत’ असं तुमच्या मंडळाच्या स्मरणिकेत छापलंय, ते कोणत्या अर्थाने?” तेव्हापासून त्याचं ‘लास्ट सीन’ दिसत नाही.

बरं, या उडीवरून खुद्द शास्त्रज्ञांत जी भांडणं झाली, ती ऐकाल तर आमच्या सोसायटीच्या सभा सपक वाटतील. १९२६ सालच्या शरद ऋतूत एर्विन श्रोडिंगर कोपनहेगनला बोरच्या घरी पाहुणा म्हणून उतरला. त्याला ही उड्यांची कल्पनाच मुळी पसंत नव्हती. बोर म्हणजे साधा यजमान नव्हे. सकाळी सुरू झालेला वाद रात्रीपर्यंत. शेवटी पाहुणा तापाने आडवा झाला. बोरची बायको मार्ग्रेथे चहा-केक घेऊन शुश्रूषा करतेय आणि बोर पलंगाच्या कडेला बसून आजाऱ्याला सांगतोय की उड्या मान्य कराव्याच लागतील! श्रोडिंगर इतका वैतागला की या असल्या उड्या कायम राहणार असतील तर आपण या विषयात पडलो याचाच पश्चात्ताप होतो, अशा अर्थाचं बोलून गेला. हायझेनबर्ग नावाचा तरुण शास्त्रज्ञ तेव्हा तिथेच होता, त्यानेच हे सगळं पुढे लिहून ठेवलं. प्रत्येक वाड्यात एक असतोच असा. आणि राग किती टिकावा? १९५२ साली, म्हणजे सव्वीस वर्षांनी, श्रोडिंगरने ‘क्वांटम उड्या खरोखर असतात का?’ अशा मथळ्याचा निबंध लिहून पुन्हा तेच उकरून काढलं.

त्याला पुढे थोडासा दिलासाही मिळाला, पण तो बघायला तो नव्हता. १९८६ साली एकेका आयनावर नजर ठेवून शास्त्रज्ञांनी या उड्या प्रत्यक्ष टिपल्या. बोरची सरशी. मग २०१९ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या लोकांनी एका कृत्रिम अणूत उडी अर्ध्यावर पकडली आणि चक्क माघारी फिरवली. त्यांना दिसलं की उडी केव्हा सुरू होईल हे सांगता येत नसलं, तरी सुरू झाल्यावर ती सलग, एका ठरलेल्या वाटेने जाते. म्हणजे उडी सुद्धा जिना चढतेच, फक्त फार भरभर. आता चेंबूरने काय करायचं सांगा!

आणखी एक आतली गोष्ट सांगते. ‘लीप ऑफ फेथ’ म्हणून जी दुसरी उडी हल्ली सगळीकडे लिहिली जाते, ती ज्याच्या नावावर खपते तो सॉरेन किर्केगार्दही कोपनहेगनचाच. १८१३ चा जन्म. श्रद्धा ही तर्काच्या पायऱ्यांनी गाठता येत नाही, तिथे झेपच घ्यावी लागते, असा त्याचा विचार. गंमत म्हणजे नेमका हा शब्दप्रयोग त्याच्या लिखाणात या रूपात नाही, तो नंतर लोकांनी त्याच्या गळ्यात बांधला. म्हणजे एकाच गावाने जगाला दोन उड्या दिल्या. आणि आमचे होमी भाभा तरुणपणी केंब्रिजहून या बोरकडेच कोपनहेगनला काम करून आलेले. तिथून ते आले, पुढे ट्रॉम्बे उभं राहिलं, आणि आज ट्रॉम्बेच्या सावलीत दोन्ही उड्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर एका पिनेला टोचलेल्या आहेत. याला म्हणतात योगायोग.

‘लीप ऑफ फेथ’चा खरा मोसम म्हणजे पुनर्विकास. टिळक नगरात बघा, पेस्तम सागरला बघा, सुभाष नगरला बघा. जिथे चार मजल्यांची जुनी इमारत दिसली तिथे पुढच्या वेळेस पत्रे लागलेले असतात. आता पुनर्विकासाला सरकारने नियम केलेत. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते, सभेचं व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं, निबंधक कार्यालयाचा माणूस हजर असावा लागतो. एवढं सगळं कशासाठी? लोकांनी श्रद्धेने उड्या मारू नयेत म्हणूनच ना? आणि एका कमिटीने सभासदांना पाठवलेल्या पत्राची पहिलीच ओळ अशी: ‘मित्रहो, ही लीप ऑफ फेथ घेण्याची वेळ आली आहे.’ कार्पेट एरिया किती, ते पान चारवर. भाडं किती महिन्यांचं आगाऊ, ते ‘चर्चेअंती’. कॉर्पस किती, ते बिल्डरच्या मनात. एक बाई सभेत उठून म्हणाल्या, “उडी मारते हो मी, पण खाली गादी कुणाची, बँक गॅरंटी कुणाची?” व्हिडिओ चालू होता म्हणून टाळ्या पडल्या, नाहीतर त्यांना खाली बसवलं असतं.

तरी ही हौस नवी नाही बरं का. इंग्रजी उडी यायच्या आधी आमच्याकडे गरुड होता. प्रत्येक क्लासची गरुडझेप, प्रत्येक पतसंस्थेची गरुडझेप, बालवाडीच्या गॅदरिंगची सुद्धा गरुडझेप! आग्र्याहून महाराज निसटले, त्या प्रसंगासाठी जपून ठेवावा असा शब्द आम्ही ठेवींच्या व्याजदराला लावला. उडी म्हटली की मराठी माणसाला समुद्र उल्लंघणारा हनुमान आठवायचा, नाहीतर ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी मार्सेलिसच्या बंदरात बोटीतून घेतलेली उडी. या उड्यांना कुठून, कुठे आणि कशासाठी हे विचारावं लागत नाही. तेव्हा सगळा दोष इंग्रजीच्या माथी मारू नका. गरुड दमला, म्हणून आम्ही इलेक्ट्रॉनला जुंपलं.

आणि इंग्रजांनी तरी काय दिवे लावले? १९८४ साली क्लाइव्ह सिंक्लेअर या ब्रिटिश उद्योजकाने क्यूएल नावाचा कॉम्प्युटर आणला. क्यू म्हणजे क्वांटम, एल म्हणजे लीप! जानेवारीत गाजावाजा करून जाहीर केला, पैसे आगाऊ घेतले आणि गिऱ्हाईक वाट बघत बसलं. सुरुवातीला जी यंत्रं घरी पोचली, त्यांची सगळी आज्ञावली आत मावली नव्हती म्हणून मागून एक तुकडा बाहेर लोंबत होता. १९८६ मध्ये धंदा दुसऱ्या कंपनीला विकला गेला आणि उडी कायमची थांबली. बुकिंग आधी, ताबा नंतर, वर एक खोली बाहेर लोंबती. आमच्या बिल्डरांनी हे कुठून उचललं, ते आत्ता माझ्या लक्षात आलं.

हो, पण न्यायाने बोलायचं तर हा शब्द खरोखर वापरायचा हक्क काही लोकांना आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर केली, ६,००३ कोटी रुपयांच्या वर. तिची चार केंद्रं ठरली, त्यात सूक्ष्म मोजमापांचं केंद्र आपल्या पवईच्या आयआयटीकडे आलं. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष क्वांटम विज्ञानाचं म्हणून जाहीर केलं. त्यांनी लिहावं, छापावं, फलक लावावेत. पण तुम्ही विचाराल तर सांगते, त्या पवईतला एखादा प्राध्यापक हा शब्द लिहिताना दहादा खोडेल. आणि इथे केळ्याच्या वेफर्सच्या पाकिटावर ‘चवीची क्वांटम जंप’!

चेंबूरने एकदा खरी मोठी उडी मारायचा प्रयत्न केला होता, तो विसरून कसं चालेल? मोनोरेल! आधुनिक भारतातली पहिली. फेब्रुवारी २०१४ मध्ये चेंबूर ते वडाळा धावायला लागली, तेव्हा आम्ही नातवंडांना घेऊन नुसतं बसायला गेलो होतो. २०१९ मध्ये ती सात रस्त्यापर्यंत गेली. १९ ऑगस्ट २०२५ ला धो धो पावसात, खच्चून भरलेली मोनो म्हैसूर कॉलनीजवळ हवेत अडकली. शेकडो प्रवासी आत, दिवे-एसी बंद, अग्निशमन दल शिड्या लावून एकेकाला खाली उतरवतंय. इलेक्ट्रॉन म्हणे दोन पायऱ्यांच्या मधे कधी लटकत नाही. आमची मोनो लटकली! येलच्या लोकांनी एवढी यंत्रं लावून उडी अर्ध्यावर पकडली, आम्हाला ते रस्त्यावरून मान वर करून फुकट बघायला मिळालं. महिन्याभरात दुरुस्ती-सुधारणेसाठी सेवाच थांबवली. पण एक कबूल करा, मोनोच्या पाटीवर निदान दोन्ही टोकं लिहिलेली होती. इथून निघणार, तिथे पोचणार.

आणि इथेच माझं खरं दुखणं आहे. उडी लहान की मोठी, यावर भांडायला आजोबा समर्थ आहेत. मला राग येतो तो टोकं लपवण्याचा. अणूतली ती इवलीशी उडी किती हिशेबी! कोणत्या पायरीवरून निघाली, कोणत्या पायरीवर आली, मधे किती ऊर्जा सुटली, त्याचा रंग कोणता, सगळं चोख. तिसरीवरून दुसरीवर आलेला इलेक्ट्रॉन कधीही ‘आम्ही लक्षणीय प्रगती केली’ असं म्हणत नाही. तो तांबडा दिसतो, की झालं. आणि अहवालातली उडी बघा. मागच्या वर्षी किती, यंदा किती, हे दोन आकडे जिथे लिहायचे असतात नेमकं तिथेच हा शब्द येऊन बसतो. क्लासचे निकाल सांगायचे नसले की जंप. देखभाल निधीतली शिल्लक सांगायची नसली की लीप. पगार सांगायचा नसला की दोन्ही.

यापेक्षा आमच्या मालिका प्रामाणिक! आता यावर नाकं मुरडाल, पण ऐका तर. मालिकेत ‘लीप येणार’ अशी कुजबुज सुरू झाली की अख्ख्या चेंबूर कॅम्पापासून घाटल्यापर्यंत बायकांना माहीत असतं, काय होणार. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ २००० ते २००८ चालली, तेवढ्यात तुलसीची नातवंडं लग्नाची झाली. ‘ये रिश्ता क्या कहलाता है’ २००९ पासून चालू आहे आणि नायिकांच्या पिढ्यांमागून पिढ्या बदलल्या. आपल्या ‘रंग माझा वेगळा’तल्या दीपाच्या तान्ह्या जुळ्या मुली एका लीपमध्ये दप्तर घेऊन शाळेत निघाल्या. हसा खुशाल! पण लीपच्या दिवशी पडदा काळा होतो आणि त्यावर आकड्यासकट लिहून येतं, इतक्या वर्षांनंतर. कुठून कुठे, स्पष्ट. मधल्या वर्षांत सासू म्हातारी का झाली नाही हा प्रश्न वेगळा, पण आकडा कुणी लपवत नाही. सासू-सुनांच्या मालिका लिहिणारे लोक बोरच्या जास्त जवळ आहेत आणि आमचे सेक्रेटरी नाहीत, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे. डायमंड गार्डनच्या आजोबांनी सुद्धा यावर मान डोलावली. घरी सून मालिका लावते तेव्हा ते पेपर वाचायचं सोंग करून ऐकत असतात, हेही त्या भरात त्यांनी सांगून टाकलं.

तेव्हा बाई-बुवांनो, पुढच्या महिन्यात सोसायट्यांच्या वार्षिक सभा आहेत. अहवाल हातात पडेल, त्यात कुणी ना कुणी उडी मारलेली असेलच. हसू नका, रागावू नका, इंग्रजी-मराठीचा वाद तर मुळीच घालू नका. हात वर करा आणि एवढंच विचारा, “कुठून उडालात आणि कुठे उतरलात, दोन्ही आकडे सांगा.” आणि मिळालेलं उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.